मामांनी बसवलेला डिस्क ड्राइव्ह

मुंबईत एखादी वस्तू माझ्या बायकोच्या मामांच्या हाती लागूनही न उघडता सुटली, असं कोणी सिद्ध करून दाखवलं तर मी नाव बदलायला तयार आहे. मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, मंडळाचा लाउडस्पीकर हे तर झालंच. पण रक्तदाब तपासायला गेले असताना डॉक्टरांचं यंत्र 'हवा सोडतंय' म्हणून त्यांनी तिथल्या तिथे खोललं होतं आणि बाहेर ताटकळणारे पेशंट तोवर आपापला रक्तदाब वाढवत बसले होते. मी मुलगी बघायला चिंचपोकळीला त्यांच्याच खोलीवर गेलो होतो. बाकीचे माझं शिक्षण, नोकरी, गाव विचारत होते. मामा माझ्या मनगटाकडे बघत होते. "घड्याळ पुढे पळतंय तुमचं," एवढंच बोलून त्यांनी ते काढून घेतलं आणि पोहे येईपर्यंत त्याच्या पोटातली चक्रं बशीत मांडून ठेवली. लग्न ठरलं ते बहुधा त्यामुळेच, कारण घड्याळ जुळेपर्यंत मला उठताच आलं नाही.

मामांची सगळी नोकरी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात गेली. गादीवर मांडी घालून दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या. उलगडायची सवय हाताला तिथेच लागली असावी. फक्त साडीची घडी परत नीट बसायची, इतर वस्तूंची बसेलच असं नसायचं. काम संपल्यावर दोनचार स्क्रू उरायचेच. "कंपनी जादाच देते," असं म्हणून मामा ते खाज्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. माहितीपत्रक नावाच्या कागदावर त्यांचा राग होता. ते वाचून काम करणं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. आणि कारागीर घरात बोलावणं तर त्याहून वाईट. एकदा मामींनी गुपचूप फ्रिजवाल्याला फोन केला, तर मामांनी त्याला दारात चहा पाजून, त्याच्याकडून चार गोष्टी विचारून घेऊन, दारातूनच परत पाठवला.

अशा माणसाच्या घरात एक जुना कॉम्प्युटर होता, क्रोशाचं झाकण घातलेला. दसऱ्याला मामी त्याला हळदकुंकू वाहत. त्यात सीडी घालायचा जो ड्राइव्ह असतो, तो एक दिवस अर्धी जीभ बाहेर काढून मेला. आता आजच्या काळात सीडी लागते कोणाला? पण मामांना लागत होती, आणि त्याचं कारण होते त्यांचे थोरले भाऊ.

थोरल्यांना सगळे दादा म्हणतात. दादा गिरणीत होते आणि दर जत्रेला कोकणात गावी जाऊन दशावताराच्या नाटकात राजा व्हायचे. आवाज असा, की देवळापुढे ते बोलायला लागले की ओढ्यापलीकडची माणसं जेवणं आटोपून यायची, असं मामी सांगतात. दशावताराचं बोलणं कुठे लिहिलेलं नसतं. नट उभा राहतो, सुचेल तसं बोलतो, आणि ते हवेत विरून जातं. मधल्या काळात दादांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते करी रोडला मुलाच्या टॉवरमधल्या घरात राहतात, ओठ हलवतात, हातांनी खुणा करतात, आणि समोरच्याला कळलं नाही की हसून विषय सोडून देतात. त्यांच्या आवाजाची जगात एकच खूण उरली होती : गावच्या मंडळाने एका जत्रेत काढलेली आणि मामांनी जपून ठेवलेली सीडी. दादांनी ती कधी पाहिली नव्हती. ऑपरेशननंतर त्यांनी तो विषयच काढू दिला नव्हता. आणि आता दादांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने मामांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून खुणेने विचारलं होतं : ती तबकडी आहे का?

"स्टुडिओवाल्याकडे द्या, पेनड्राइव्हमध्ये घालून देईल," मी सुचवलं.

मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दादांनाच कुरियरने पाठवा म्हणालो. "जावयबापू, एकच तबकडी आहे. ओरखडा पडला तर दुसरा आवाज आणू कुठनं? मी बसवतो नवा ड्राइव्ह. तुम्ही फक्त बॅटरी धरा."

नवा ड्राइव्ह त्यांनी दुकानं पालथी घालून आणला. एका दुकानदाराने विचारलं, "काका, आता हे कोण वापरतं?" मामा म्हणाले, "मी," आणि विषय संपला.

रविवारी सकाळी मी बॅटरी घेऊन हजर झालो. मामांनी कुठेतरी ऐकलं होतं, की अंगातली वीज उतरवल्याशिवाय कॉम्प्युटरच्या आत हात घालू नये, लोखंडाला हात लावून घ्यावा. ऐकलेलं होतं, वाचलेलं नव्हतं, म्हणून ते त्यांना मान्य होतं. त्यांनी तांदळाच्या पत्र्याच्या पिंपाला हात लावला, मला लावायला लावला आणि मामी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्यावर ओरडले, "अगो, पिंपाक हात लाव आधी!"

"चायत वीज उतारता काय माझी?" मामी म्हणाल्या. "घराचो कारखानो केल्यात नुसतो!" पण पिंपाला हात लावूनच त्यांनी कप खाली ठेवले.

जुना ड्राइव्ह निघाला. नवा पुढच्या खाचेतून सरकवला, बाजूचे स्क्रू पिळले, मागे एक रुंद वायर, एक चपटी वायर. मामांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग सगळं काढून पुन्हा लावलं. मामांच्या कपाळावर घाम आला. मामी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "त्या मागचा बटण कोण लावतलो?" मागचं बटण बंद होतं. ते लावल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, आणि नेमके त्याच वेळी दादा दारात उभे राहिले.

मामांनी ऐटीत ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. सीडी ठेवायला गेले तर ठेवायला खळगाच नव्हता. काय झालंय ते आम्हा दोघांना उमगेना. दादा खुर्चीत बसून शांतपणे बघत होते. त्यांनी तळहात पुढे केला आणि सावकाश उलटा करून दाखवला. मामांनी ड्राइव्ह पालथा बसवला होता.

दादांचे खांदे गदागदा हलायला लागले. आवाज नव्हता, पण इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "हसा, हसा," मामा पुटपुटले आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

जेवण थांबलं. ड्राइव्ह सुलटा झाला. मामांनी धोतराच्या मऊ कापडाने सीडी पुसली आणि ट्रेमध्ये ठेवली. आत काहीतरी घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मग पेटी, मृदंग, झांज, आणि पडद्यावर मुकुट घातलेले दादा. त्यांनी तोंड उघडलं आणि ती लहानशी खोली भरून गेली. मामी भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मी दादांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, ते आपलंच जुनं बोलणं आठवून म्हणताहेत. पण पडद्यावरचा राजा थांबला तरी दादांचे ओठ थांबले नाहीत. हात उगारला गेला, भुवया वर गेल्या. मामांनी एकदम पुढे होऊन सीडी थांबवली.

"दादा नवीन बोलतोय," ते म्हणाले. "त्या वेळी सुचलं नव्हतं, ते आता बोलतोय."

मामा भावासमोर जमिनीवर बसले आणि त्याच्या ओठांकडे डोळे लावून एक एक शब्द मोठ्याने म्हणायला लागले. मामांचा आवाज पातळ, वरच्या पट्टीत चिरकणारा. राजाचा तर मुळीच नाही. मध्येच एखादा शब्द चुकायचा, दादा मान हलवायचे, मामा तो पुन्हा म्हणायचे. दादांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. भाकऱ्या गार होत होत्या, आणि मामींसकट कोणालाही त्याची घाई नव्हती.