एक कान या महिन्यात

रंगाच्या कारखान्यातल्या भांडारात चोवीस वर्षं डबे आणि झाकणं मोजणाऱ्या माणसाला कुणी साहेब म्हणत नाही. या माणसाला मात्र सगळी गल्ली टक्केसाहेब म्हणायची, आणि हा आपला मान आहे असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. त्याच्या बायकोला तसं कधी वाटलं नाही. ती तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसायची. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, उसवलेलं शिवायचं. गिऱ्हाईक तोंडावर काय बोलतं आणि पाठ फिरल्यावर काय बोलतं, हे पडद्याआडून तिच्या कानावर रोज पडत असे. त्यामुळे 'टक्केसाहेब' या शब्दात किती मान आहे आणि किती हसू, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

टक्केसाहेबांकडे पाच क्रेडिट कार्डं होती. चष्म्याच्या जुन्या डबीत ती ओळीने उभी असत आणि प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून बारीक अक्षरात लिहिलेलं असे: किराणा, पेट्रोल, औषधं, ऑनलाइन, बाकी सगळं. किराण्यावर पाच टक्के परत, पण महिन्याला पाचशेच्या वर नाही. पेट्रोलवर चार टक्के, पण त्या कार्डावर महिन्यात एकूण दहा हजार खर्च झाला तरच. कुठल्या कार्डाचं बिल कोणत्या तारखेला निघतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दुकानात ते एकाच टोपलीतल्या सामानाची दोन बिलं करायला लावत. साबण आणि तेल एका कार्डावर, बाकीचं दुसऱ्यावर. मागे उभी असलेली माणसं उसासे टाकत. अशा वेळी बायको दाराजवळ जाऊन भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं बघत उभी राही. त्यावरच्या सूचना तिला पाठ झाल्या होत्या.

"ही सगळी बिनडोक माणसं," घरी येताना टक्केसाहेब म्हणत. "रोख देतात नाहीतर बिल थकवतात आणि व्याज भरतात. त्यांच्या त्या व्याजातूनच आपल्याला परतावा मिळतो. कळलं का तुला?"

तिला कळलं होतं. जगाच्या बिनडोकपणावर जगण्यात एवढं मिरवण्यासारखं काय आहे, तेवढं कळत नव्हतं.

सुरुवात अशी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी पहिलं कार्ड आलं आणि त्यांनी त्यावर बूट घेतले. पुढच्या महिन्यात बिलात बेचाळीस रुपये वजा होऊन आले. तो कागद त्यांनी तिला दोनदा दाखवला. "न मागता दिले गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. या माणसाला कुणी कधी न मागता काही दिलं नव्हतं. बापाने नाही, भावाने नाही, कारखान्याने तर नाहीच. त्या दिवशी तिला नवऱ्याबद्दल माया वाटली होती. आता तो दिवस आठवला की आपण तो कागद तेव्हाच फाडून का टाकला नाही, असं तिला वाटे.

भांडारातल्या कुणाला निरोपाचं जेवण द्यायचं असलं की हॉटेलात टक्केसाहेब सगळ्यांच्या आधी उठत. "माझ्या कार्डावर होऊन जाऊ दे. तुम्ही मला रोख द्या." पहिली दोन वर्षं लोकांनी दिले. मग एकाने मुद्दाम सगळी चिल्लर आणून त्यांच्यापुढे ओतली आणि टेबल हसून हसून आडवं झालं. टक्केसाहेबांनी चिल्लर मोजून घेतली. "तीन कमी आहेत," ते म्हणाले.

तिची आई त्यांच्याकडेच राहायची, आतल्या छोट्या खोलीत. म्हातारीने एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तीस वर्षं काढली होती. चादरी धुणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात तिचे दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना मशीन लावा, चांगलं ऐकू येईल. एका मशीनची किंमत अठरा हजार. म्हातारीची पुंजी बँकेत होती. नवऱ्यापुढे हात पसरायचा नाही म्हणून मुलीने ते आधीच बोलून ठेवलं होतं: पैसे आईचेच.

पण टक्केसाहेबांना वास लागला.

"बँकेतून काढा आणि मला द्या. मी कार्डावर घेतो," ते म्हणाले. "औषधांच्या कार्डावर सध्या अशा उपकरणांना दहा टक्के आहेत. फक्त एक गोष्ट आहे. महिन्याला दोन हजारांच्या वर परत देत नाहीत. दोन्ही एकदम घेतली तर छत्तीस हजारांवर दोनच हजार. एक या महिन्यात आणि एक पुढच्या महिन्यात घेतलं तर अठराशे अधिक अठराशे. सोळाशेंचा सरळ फायदा!"

"म्हणजे?" ती म्हणाली. "आईने महिनाभर एकाच कानाने ऐकायचं?"

"आत्तापर्यंत एकही नव्हता ना! शून्यावरून एक म्हणजे केवढी वाढ झाली." शून्यावरून एक म्हणजे किती टक्के, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

"उद्याच घेऊ दुसरं. महिना कशाला?"

"बिलाचा महिना कालच सुरू झालाय. तुझी आई चार दिवस आधी तपासायला गेली असती तर जमलं असतं."

म्हातारीला काही ऐकू येत नव्हतं. ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मुलीने कागदावर लिहून दाखवलं. म्हातारीने ते वाचलं, चष्मा काढला आणि जावयाकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "कुठला कान घेऊ, जावईबापू?"

"तुम्हाला आवडेल तो," टक्केसाहेब मोठ्याने म्हणाले. त्यांना त्यात काहीच खटकलं नाही.

कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानातल्या बाईंनी म्हातारीच्या कानाचं माप घेतलं. एकाच कानाला लावलं तर आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. "आणि जोडी घेतली तर आमच्याकडे..." त्यांनी सुरू केलं.

"पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात," टक्केसाहेबांनी त्यांना तोडलं. डबी उघडून कार्ड त्यांनी आधीच हातात धरलं होतं.

उजव्या कानात मशीन बसलं. म्हातारीला पहिल्याच संध्याकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि ती लहान मुलीसारखी हसली. पण दाराची घंटा वाजली की ती खिडकीकडे बघे. मुलीने स्वयंपाकघरातून हाक मारली की ती न्हाणीघराकडे चालू लागे. सगळे आवाज तिला उजवीकडूनच येत. टक्केसाहेब हे बघून म्हणत, "सवय होईल." त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला लाल गोल करून ठेवला होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी म्हातारी पाव आणायला खाली उतरली. मागून डाव्या बाजूने स्कूटर आली आणि तिने हॉर्न दिला. म्हातारीला तो ऐकू आला. उजवीकडून आला असं समजून ती वाट द्यायला डावीकडे सरकली, ती बरोबर स्कूटरच्या पुढ्यात. स्कूटरवाल्या बाईने ब्रेक दाबला म्हणून बचावली. पण पडायची ती पडली आणि डावं मनगट मोडलं.

बायको दुकानातून तशीच धावत निघाली. दवाखान्यात पोचली तेव्हा मोजपट्टी तिच्या गळ्यातच होती. टक्केसाहेब पैसे भरायच्या खिडकीशी उभे होते. "तू आत जा, इथलं मी बघतो," ते म्हणाले, आणि क्षणभर तिला बरंही वाटलं.

आत म्हातारी बाकावर बसली होती. सुजलेला हात दुसऱ्या हातात धरलेला, चेहरा पांढरा पडलेला. "पैसे भरल्याची पावती आणा, मग प्लास्टर घालतो," नर्स म्हणाली. दहा मिनिटं गेली. वीस गेली. म्हातारी ओठ दाबून बसली होती. शेवटी मुलगी उठून बाहेर आली.

खिडकीपुढे रांग वाढली होती आणि टक्केसाहेब रांगेतल्या लोकांशी बोलत होते. पाय मुरगळलेल्या पोरीच्या बापाला ते समजावत होते, "रोख देताय ना काका? मग मला द्या. मी तुमचं माझ्या कार्डावर भरतो. तुम्हाला काय फरक पडतो?" त्या माणसाने गोंधळून नोटा काढून दिल्या. त्याच्या मागच्या बाईने आधीच दिल्या होत्या. टक्केसाहेबांच्या डाव्या मुठीत नोटांचा चुरगळा होता, उजव्या हातात फोन. पुढच्या बिलाचा ओटीपी येत नव्हता म्हणून ते तो फोन दिव्यासारखा वर धरून खिडकीकडून दाराकडे आणि दाराकडून खिडकीकडे फिरत होते.

तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघ! या कार्डावर महिन्याचे सहा हजार कमी पडत होते. एका सकाळीत झाले!"

"पावती कुठाय?" ती म्हणाली.

"कुणाची?" टक्केसाहेबांनी विचारलं.

नोटांसोबत त्यांच्या मुठीत चार पावत्या होत्या. ते खरंच विचारत होते. तिने त्यांच्या हातातून चारही ओढून घेतल्या, आईचं नाव असलेली काढली, बाकीच्या खिडकीवर ठेवल्या आणि आत गेली. प्लास्टर ओलं असताना तिने आईचा दुसरा हात धरला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण ते आलं नाही. तिला शिसारी आली होती, पायाखाली काहीतरी चिरडल्यावर येते तशी. त्या माणसाबरोबर आपण बावीस वर्षं एका ताटलीतून बिस्किटं खाल्ली, हे तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून सुटी घेतली. म्हातारीने उजव्या हाताने सही केली, दोघींनी बँकेतून अठरा हजार काढले आणि थेट मशीनवाल्या बाईंकडे गेल्या. डाव्या कानात मशीन बसलं. म्हातारीने मान वळवली आणि पंखा नेमका जिथे होता तिथे बघितला.

"त्या दिवशीच दोन्ही घेतली असती तर जोडीवर पंधरा टक्के सूट होती," बाई पैसे मोजताना म्हणाल्या. "मी सांगत होते, पण तुमचे मिस्टर ऐकेनात."

छत्तीस हजारांचे पंधरा टक्के म्हणजे पाच हजार चारशे. हा हिशोब तिला लगेच जमला. टक्केसाहेबांबरोबर राहून एवढं तरी आलं होतं. तिला हसू फुटलं आणि आवरेना. म्हातारीने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, घरी सांगते.

"रोखीने?" टक्केसाहेब दारातच ओरडले. "नऊ-दहा दिवस राहिले होते गं! अठराशे हातचे घालवलेस!"

तिने त्यांना पाच हजार चारशेंचं सांगितलं. अगदी शांतपणे, आकडा दोनदा उच्चारून. ते खुर्चीत बसले. त्यांना आता तरी आपली लाज वाटेल, म्हातारीच्या गळ्यातल्या झोळीतल्या हाताकडे एकदा तरी बघतील, असं तिला वाटलं. त्यांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं.

"हे त्या बाईने मला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

पुढच्या दिवशी त्यांनी कारखान्यातून रजा घेतली आणि त्या दुकानात जाऊन बसले. सकाळी दहा ते दुपारी तीन. कान तपासायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी आपली कैफियत ऐकवली. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना लिहून दाखवली. शेवटी ब्याद टळावी म्हणून बाईंनी निम्मी सूट दिली. दोन हजार सातशे घेऊन टक्केसाहेब घरी आले ते लढाई जिंकून आल्यासारखे. "मिळवले!" त्यांनी नोटा टेबलावर आपटल्या. "कुणाला जमलं असतं? सांग, कुणाला? यातून माझी एक रजा आणि पेट्रोल वजा करू, बाकीचे आईंचे."

"जावईबापू," म्हातारी म्हणाली, "हळू बोला. आता दोन्हीकडून ऐकू येतं मला." आणि तिने चांगला हात पुढे करून सगळ्याच नोटा उचलल्या.

पुढच्या एक तारखेला बायकोने जाहीर केलं की घरचा किराणा, भाजी, औषधं सगळं ती आणणार. तिच्या पगारातून, रोखीने.

"रोख म्हणजे रस्त्यावर पैसे टाकणं आहे!"

"टाकीन," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे. पण ती बधली नाही. घरचा खर्च हातून गेल्यावर कार्डांवरच्या मर्यादा पुऱ्या होईनात. आधी पेट्रोलचे चार टक्के गेले. मग खर्च कमी पडला म्हणून दोन कार्डांनी वर्षाची फी लावली, आणि वर्षभरात जमवलेलं जवळजवळ सगळं त्या फीत गेलं. टक्केसाहेब शेजाऱ्यांची दारं वाजवू लागले: विजेचं बिल भरायचंय का, मुलांची फी भरायचीय का, मी भरतो, मला रोख द्या. लोकांनी आधी नाही म्हटलं, मग दारं उघडायचं सोडलं. "कार्डवाला आला," असं आतून मोठ्याने म्हणायलाही त्यांना संकोच वाटेना.

एका शनिवारी ती आईला हाताच्या शेवटच्या तपासणीला घेऊन गेली होती. परत येताना दोघी औषधांच्या मोठ्या दुकानासमोर आल्या. पायरीवर टक्केसाहेब उभे होते, हातात चष्म्याची डबी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते अदबीने काहीतरी विचारत होते. एक माणूस त्यांना भिकारी समजून खिशात हात घालू लागला. त्याचा हात बाहेर येईपर्यंत टक्केसाहेबांनी त्याला टक्केवारी समजावायला सुरुवात केली होती. तो घाईघाईने आत सटकला.

"आपले जावईबापू ना ते?" म्हातारीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि आईचा बरा झालेला हात धरून पलीकडच्या पदपथावर गेली.