कालव्याचे दोन मार्क

“किती वाजले?” आमचे सर कुणालाही विचारायचे. समोरचा घड्याळ पाहून सांगू लागला, की तळहात आडवा धरून त्याला थांबवायचे. “ते घड्याळाचं झालं. तुह्यं किती वाजलं?”

मंगरूळपीरच्या बसस्टँडवर या प्रश्नाने कंडक्टर गडबडलेले मी पाहिले आहेत. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल, ज्याला लोक पाठीमागे हसतात आणि समोर आला की शर्टाचं वरचं बटण लावून घेतात. आमचे सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. वर्गात आम्ही सात जण. त्यातले चार बसची वाट पाहायला बसलेले.

सरांचा जीव एकाच विचारावर होता. तो कुणा फ्रेंच पंडिताचा. घड्याळ वेळेचे सारखे तुकडे करतं, पण जगताना वेळ तुकड्यांनी येत नाही, आतून वाहतो. त्याला सर ‘कालौघ’ म्हणायचे. जिवंत गोष्ट बाहेरून मोजून कळत नाही, तिच्या आत शिरावं लागतं. ती ‘अंतःप्रज्ञा’. आणि सगळ्या जीवांना पुढे ढकलणारी ओढ ती ‘जीवनप्रेरणा’. एवढं बोलून झालं की सर खिडकीबाहेर असे पाहायचे, जसं काही ती ओढ आत्ताच मैदानातून गेली.

मी पहाटे धान्याच्या मोंढ्यात हमाली करून कॉलेजला यायचो. वर्गात डोळा लागायचा, म्हणून परीक्षेला गाईड पाठ केलं, स्वल्पविरामासकट. गाईड छापणाऱ्याने ‘कालौघ’ऐवजी सगळीकडे ‘कालवा’ छापलं होतं. मीही तेच उतरवलं. “कालवा मोजता येत नाही. कालवा आतून अनुभवावा लागतो. बुद्धी कालव्याचे तुकडे करते, परंतु कालवा अखंड आहे.” अशी चार पानं.

सरांनी ती वर्गात मोठ्याने वाचली. “काहून रे, तुमच्या गावात पाटकरी हाय ना? कालवा मोजता येत नाई, तं थो कायचं पाणी मोजून राह्यला?” वर्ग हसून हसून लोळला. सरही हसले. बसवाले चौघे त्या दिवशी बस विसरले. दहापैकी दोन मार्क. “थे बी अक्षर चांगलं हाय म्हून.”

मी कॉलेज सोडलं. हमालाचा अडत्या झालो, तो कुणाच्या मेहेरबानीने नाही. दुकानावर माझ्या नावाची मोठी पाटी आहे, पण आजही सगळा बाजार मला ‘कालवाशेठ’ म्हणतो. हा राग मी जपून ठेवला. माझा राग कसा असतो, ते मोंढ्यात कुणालाही विचारा.

सर माझ्याकडेच तूरडाळ न्यायला यायचे. मी सांगेन तो भाव द्यायचे. भाव न करणारं गिऱ्हाईक मला सोसत नाही, त्याच्यावर ओरडता येत नाही. म्हणून मी मार्कांचा भाव करायचो.

“सर, दोनाचे पाच करा.”

“नाई.”

“चार. छापनाऱ्याची चूक, माही काय?”

“छापलं त्यानं. वाचलं कोनं?”

एकदा पावसाने ताडपत्रीखालच्या सोयाबीनला कोंब फुटले. मी हमालांवर तोंड सोडलं होतं. सर ढिगाशी उकिडवे बसले आणि एक कोंब तळहातावर घेऊन म्हणाले, “पाय बावा, जीवनप्रेरणा! ताडपत्रीखालीबी आयकत नाई.”

“सर, हिले बाजारात गिऱ्हाईक नाई!”

ते इतके हसले, की मी पुढची शिवी विसरलो.

आणखी एकदा मी दाणा दाताखाली फोडून मालाची ओल सांगितली. ओल मोजायच्या मशीननेही तेवढीच दाखवली. सर चकित.

“तुले कसं समजलं?”

“समजलं बा.”

“पन कसं?”

“आता दातानं काय भाषन द्यावं?”

सरांनीही एक दाणा उचलून दाताखाली धरला. मग हळूच म्हणाले, “इतकी वर्षं वर्गात मी हेच तं सांगून राह्यलो.”

“मंग वाढवा मार्क.”

“पेपरात हे लिहलं नोतं तू.”

माझ्या बायकोचं अकोल्याला ऑपरेशन झालं, तेव्हा सर रिटायर झाले होते. न कळवता एसटीने आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. तत्त्वज्ञानाचा एक शब्द काढला नाही. नर्सशी माझं भांडण झालं होतं, आता भिंतीवरच्या घड्याळाशी चाललं होतं. डॉक्टर बाहेर येऊन “सगळं ठीक आहे” म्हणाले, तेव्हा कुठे मी घड्याळावरची नजर काढली.

“किती वेळ लागला?” सरांनी विचारलं.

“तीन घंटे.” मग माझ्याच तोंडून निघालं, “नाई सर. लगन झाल्यापासूनचं सारं गेलं माह्या डोयापुढून. दोन खेप.”

सर बाकावर माझ्याकडे सरकले. सौद्यात समोरचा नरम पडला की मला कळतं. मी म्हणालो, “आता तरी वाढवा.”

“मार्क दोनच. थे बरोबर होते.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पन त्या दिवशी वर्गात मी हासलो, थे चुकलं माह्यं. पोरगा हमाली करून येते, हे मले मालूम होतं.”

मी पुढे भाव केला नाही. इतकी वर्षं मी कशासाठी अडून बसलो होतो, ते मलाच तेव्हा कळलं. मार्कांसाठी नव्हतंच ते.

गेल्या साली सर गेले. त्यांचा विषय कॉलेजात आधीच बंद पडला होता. तरी शोकसभा झाली. सूत्रसंचालकाने दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं, मनगटावर नजर ठेवली आणि ‘ओम शांती’ म्हटलं. खुर्च्या वाजल्या. सगळे बसले.

“शेठ, झाले ना दोन मिनटं,” मागच्याने माझा शर्ट ओढला. “बसा आता.”

मी उभाच राहिलो. माझी दोन मिनिटं अजून झाली नव्हती.