अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं. पत्र्याच्या गोदामाचं दार ढकललं आणि आत जे दिसलं, ते सांगताना मी आजही मध्येच थांबतो.

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं ठाणं परभणी जिल्ह्यात, ग्रामीण भागात होतं. माझी पद्धत ठरलेली. सकाळची हजेरी, मग प्रलंबित अर्ज, मग समन्स-वॉरंट, आणि हे उरकल्यावर चहा. गुढीपाडव्यानंतर चारेक दिवसांनी, त्या सकाळी चहापर्यंत पोचता आलं नाही, कारण एकाच गाडीबद्दलचे दोन अर्ज टेबलावर समोरासमोर पडले होते.

पहिला अर्ज वालूरच्या पुढच्या एका गावातल्या शिक्षिकेचा. पाडव्याच्या पहाटे अंगणातून तिची इलेक्ट्रिक कार चोरीला गेली होती. दुसरा अर्ज त्या गाडीच्या मालक कंपनीचा. गाडी बाईंच्या मालकीची नव्हती. कंपनीने ती दोन वर्षांच्या करारावर, दरमहा भाड्याने दिली होती. करार महिनाअखेर संपत होता आणि बाईंनी गाडी परत करायची होती. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: मुदत संपत आली आणि गाडी नेमकी आताच गायब झाली, गाडीची जागा कळवणारं आतलं यंत्रही बंद पडलं, शेवटचा ठिपका गावातच दिसतो, तरी बाईंवर विश्वासघाताचा गुन्हा नोंदवावा.

आमच्या जुन्या हवालदारांनी दोन्ही अर्ज वाचले आणि म्हणाले, "साहेब, ही गाडी चालताना आवाज करत नाही म्हणतात. गेलीसुद्धा आवाज न करता."

मी हसलो नाही. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या. गुन्हा नोंदवून अटक केली असती तर निलंबन जवळजवळ ठरलेलं होतं, आणि एकदा गेलेलं नाव मागाहून निर्दोष सुटूनही परत येत नाही, हे मी अनेकदा पाहिलं होतं. उपअधीक्षकांची परवानगी घेऊन मी आधी प्राथमिक चौकशी लावली.

त्याच दुपारी खबर आली. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "मास्तरीनबाईनंच गाडी नांदेडला विकली. निस्तं सोंग चालू हाय." नाव न सांगणाऱ्या खबरीत निम्मा भाग हेव्याचा असतो, हे धरून मी ती नोंदवून ठेवली आणि बाईंना जबाबासाठी बोलावलं.

त्या शाळा सुटल्यावर आल्या. सोबत नवरा होता. त्याचं खताचं दुकान, दुकानाची डिझेल जीप. त्याला बाहेर बसवलं, महिला अंमलदाराला आत बोलावलं आणि सुरुवात केली.

"बाई, गाडी विकल्याचं कळतं."

"कोणाला विकणार, साहेब? कागदावर नाव कंपनीचं. भंगारवालासुद्धा घेणार नाही."

"भंगारवालाच घेतो."

त्या म्हणाल्या, "मी वर्गात रोज सांगते, सापडलेली पेन्सिल टेबलावर आणून ठेवा. उद्या माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर त्या मुलांसमोर मी कशी उभी राहू, तेवढं मला सांगा."

मी विषय बदलला. खेड्यात भाड्याची गाडी घेण्याची कल्पना कोणाची, हे विचारलं.

कल्पना त्यांचीच होती. जीप दिवसभर दुकानाच्या कामात. शाळा लांब, एसटीच्या वेळा जुळत नाहीत. नवी गाडी घेणं झेपणारं नव्हतं. मॉडेल जुनं होत चाललेलं म्हणून कंपनीने भाडं फार कमी लावलं होतं. स्कूटीच्या पेट्रोलला जायचं त्यात थोडी भर घातली की भागत होतं. घरातली जास्तीची गाडी, एवढाच हिशेब. "गाव हसलं साहेब. म्हणाले, नवरा-नवरीचे कपडे भाड्यानं आणतात तसं हे काय?"

"आणि चार्जिंग?"

इथे त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "पहिल्या आठवड्यात गाडीनं वीज घेतलीच नाही. प्लग लावला की लाल दिवा. वायरमन म्हणाला, घराला अर्थिंग धड नाही आणि अर्थिंगशिवाय ही गाडी वीज घेत नाही. मग मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणात खड्डा खणला. कोळसा, मीठ भरलं, लोखंडी पट्टी पुरली. जमीन ओली राहिली पाहिजे म्हणून रोज सकाळी स्वतः बादलीभर पाणी घालायचे. चहासुद्धा त्यानंतर."

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. आधी अंगण पाहिलं. भिंतीवरचा पॉइंट जागेवर, चार्जिंगची वायर मात्र नव्हती. कोपऱ्यातला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून वरची माती तडकली होती. गाडी गेली, पाणी थांबलं. त्यात काही वावगं नव्हतं.

मग म्हातारीशी बोललो. बाईंची सासू. लहानशी, पाठीत वाकलेली. तिने आपणहून सांगायला सुरुवात केली.

"सायब, मला यष्टी सोसत न्हाई. जीप न्हाई, टेम्पो न्हाई. डिझेलचा वास आला की फाट्यापस्तोर बी निभत न्हाई, पोटातलं समदं भाईर येतं. बहीण गंगाखेडला दिली. तिचं घर मी बघितलंच नव्हतं. आदी तीच यायची. मंग तिचे गुडघे गेले. तीबी हितं येईना, मीबी तिथं जाईना."

"मग?"

"मंग सूनबाईनं ही आणली. वास न्हाई, धूर न्हाई, हादरा न्हाई. डोळे मिटून बसले, म्हनलं आता होतंय, मंग होतंय. तर सून म्हनली, आत्या उतरा, गंगाखेड आलं." म्हातारीने पदर तोंडाला लावला. "बहिणीची चूल बघितली मी. म्हातारपणी."

मी लिहिता लिहिता थांबलो. ज्या वस्तूला सगळं गाव भाड्याची म्हणून हसत होतं, तिने या बाईला सगळ्या जन्मात न मिळालेली वाट दिली होती.

जेवणाची वेळ झाली. आग्रह झाला, मी फक्त ताक घेतलं. तपासात मी माणसाच्या बोलण्याइतकंच त्याच्या ताटाकडे बघतो. बाईंनी भाकरी मोडून नुसती ठेवली होती. नवऱ्याचं लक्ष फोनकडे. म्हातारी शून्यात. सासरा मात्र शांतपणे जेवत होता आणि दुसरी भाकरी त्याने स्वतःहून मागून घेतली.

"बाबा, गाडी कोणी नेली असेल?" मी विचारलं.

"हितं चोर कुठला आलाय, सायब?"

"मग गेली कुठं?"

"असंल की. गाडी काय कापूर हाय उडून जायाला?"

चोरी झालेल्या घरातला माणूस असा बोलत नाही. मी ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "बाबा, तुमचं रान बघू या."

"रानात काय हाय? हरभरा निघाला, कापूस तर कवाच गेला."

"तरी बघू."

रान गावाला लागूनच होतं. बांधापाशी पत्र्याचं गोदाम, कापूस ठेवायचं. चारी भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, दाराला कुलूप. विहिरीच्या पंपासाठी घेतलेली वीज तिथवर आलेली. कापूस विकला गेला म्हणजे आत काही नसणार. मार्चमधलं ऊन, काळी जमीन भेगाळलेली, पाय टाकला की ढेकूळ फुटत होतं. आणि त्या गोदामाच्या मागे परातीएवढी जागा चिंब ओली होती. माती ताजी उकरलेली, कडेला मिठाचे खडे. दोन चिमण्या तिथे चोच घालत होत्या.

घरचा खड्डा कोरडा आणि इथला ओला. रोज पाणी घालणाऱ्या माणसाने सवय सोडली नव्हती, जागा बदलली होती. खड्ड्यातून निघालेली पट्टी पत्र्याच्या फटीतून आत गेली होती.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याने करदोऱ्याची किल्ली काढली.

दार उघडलं. आत अंधार, आणि त्या अंधारात एक हिरवा दिवा श्वास घेतल्यासारखा मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. डोळे सरावले तशी गाडी दिसली. पांढरी, पुसून लख्ख. पुढच्या भागावर हळदीकुंकवाची बोटं. टपावर बैलाची जुनी झूल, आरसे लावलेली, कडेला गोंडे. चाकांखाली भुसा पसरलेला. कसलाच आवाज नव्हता, तरी ती जागी आहे असं वाटत होतं. हवालदारांनी नकळत बूट दाराबाहेर काढले. मीही उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहिलो. खिशातला फोन हात लांबवून आत धरला; पत्र्याआड रेंज नव्हती. कंपनीचं यंत्र का मुकं झालं, तेही कळलं.

"कोणी आणली इथं?"

"म्या."

"तुम्हाला चालवता येते?"

"गेरच न्हाईत की. पायाखाली दोन पट्ट्या. सून चालवताना दोन साल बघितलंय. पाडव्याला औत रानात न्यायचं असतंय. बैल तर कवाच इकले. म्हनलं, औंदा हिला नेऊ."

सत्तरी ओलांडलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या चाकामागे बसला होता, आणि पहाटे गावातून बैलाच्या चालीने ती इथवर घेऊन आला होता. एक कुत्रं भुंकलं नाही. मी चिडायला हवं होतं. मला ते जमलं नाही.

"बाबा, करार संपतोय. परत द्यायची होती."

"असं कसं? ठोक्यानं, ठरलेल्या पैशावर दुसऱ्याचं रान केलं, नीट राखलं, खंड येळेवर दिला, तर पाडव्याला त्याच माणसाकडं ठोका ऱ्हातो. आमी उभ्या जन्मात तेच बघितलं. राखणाऱ्याच्या हातातून रान काढून घेत न्हाईत, सायब. म्हनलं, कंपनीवाला येईल, चार दिस थांबंल, मंग समजंल त्याला."

"आणि हे चार्जिंग? गाडी नुसती ठेवली असती तरी चालली असती. ओल दिसली नसती तर मला ही सापडली नसती."

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललो. "दावणीला बांधली आन् उपाशी ठिवायची?"

घरी परतल्यावर सगळं सांगावं लागलं. बाई खाली बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. पण आवाज चढला तो म्हातारीचा. एवढ्याशा देहात तो कुठे होता कोण जाणे.

"आवं, माझ्यापायी केलंत ना? मला इचारलंत? सूनबाईला ठाण्याची पायरी दाखिवलीत! तिच्या सहीवर गाडी, तिची नोकरी, तिची अब्रू! मी गंगाखेडला चालत गेले असते, मेले असते वाटंत, पर हे न्हाई!"

"म्हातारे, गप बस की."

"न्हाई बसत!" आणि तिने सुनेला कुशीत ओढलं.

म्हाताऱ्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सूनबाई, चुकलं माझं. गाडीचं बघितलं, तुझं बघायचं ऱ्हायलं."

आता माझं काम उरलं होतं. करार पुन्हा वाचला. मुदत संपायला अजून एक दिवस होता. गाडी करारदाराच्याच कुटुंबाच्या जागेत, सुस्थितीत मिळाली. बाईंना ठावठिकाणा माहीत नव्हता. कोणाचाही ती विकण्याचा किंवा पचवण्याचा हेतू दिसला नाही. पंचनामा केला, जबाब घेतले. कंपनीच्या माणसाला फोन करून दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. आणि गाडी करारदाराच्या ताब्यात देऊन ती उद्या ठाण्यात हजर करण्याची समज दिली.

"साहेब, उद्यापर्यंत ती माझ्याकडेच?" बाईंनी विचारलं.

"करार तसंच म्हणतो. आजचा दिवस तुमचा आहे."

त्यांनी सासूकडे पाहिलं. "आत्या, लुगडं बदला."

जाताना म्हातारा मागच्या सीटवर बायकोशेजारी बसला. गाडी आमच्या जीपजवळून निघून गेली तेव्हा फक्त खडी वाजली.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी गाडी ठाण्याच्या आवारात आली. झूल काढलेली, धुतलेली. हळदीची बोटं मात्र कोणी पुसली नव्हती. कंपनीचा तरुण माणूस छत्रपती संभाजीनगरहून आला होता, रागानेच. त्याने गाडीला प्रदक्षिणा घालून ओरखडे शोधले. मिळाले नाहीत. मग आत बसून गाडी सुरू केली आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "परत येणाऱ्या गाड्या रिकाम्या येतात. ढकलत न्याव्या लागतात. ही पूर्ण भरलेली आहे."

"लांबच्या वाटंला लावायची," म्हातारा बाजूने म्हणाला, "पोटभर घालूनच लावत्यात."

त्या माणसाने तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. सही केल्यावर तो पुन्हा बाहेर गेला आणि म्हाताऱ्याच्या पाया पडला. मी खिडकीतून पाहत होतो.

पोळ्याला मला त्या घरून बोलावणं आलं. दारात दुसरी इलेक्ट्रिक कार होती, निळी, तीही करारावरची. जुनी झूल तिच्या टपावर. खड्ड्यात बादली ओतत म्हातारा मला म्हणाला, "हिची बी मुदत हाय. ध्यानात हाय माझ्या."

"आणि मुदत संपल्यावर?"

"दिऊ की. पोरगी सांभाळतो तशी सांभाळायची, आन् न्यायला आले की धाडायची."

नोकरीभर मी तपासाला निघताना ठरलेले प्रश्न मनाशी म्हणायचो: फायदा कोणाचा, संधी कोणाला, खोटं कोण बोलतंय. त्या गोदामानंतर मी त्यांत एकाची भर घातली, आणि तरुण अधिकारी भेटले की त्यांनाही तोच सांगतो. हरवलेली वस्तू शोधताना ती कोणी नेली एवढंच विचारू नका. तिच्यावाचून कोणाचं अडलं आहे, हे विचारा. चोर माल लपवतो आणि विसरून जातो. जीव लावणारा माणूस तिथे रोज पाणी घालायला जातो, आणि भर उन्हात ती जागा ओली राहते.