बांगड्यांना गप्प कसं बसवायचं

मी नाटकात आले तेव्हा माइक एकच असायचा, आणि तो नायकाच्या पुढ्यात. आम्हा बायांचा आवाज पोचायचा तो हातवाऱ्यांवर. हात फेकला की शब्द थेट मागच्या रांगेत. पुढं सिनेमात चार-दोन सासवा केल्या. तिथं कॅमेरावाला ओरडायचा, "बाई, हात आवरा!" आवरणार कसे? माझा आवाज हातातनंच निघतो.

पंच्याहत्तरीला आले तसं सगळं काम आटलं. आणि गेल्या थंडीत सांगलीच्या एका स्टुडिओतनं फोन आला. मुलांच्या कार्टूनमधल्या खाष्ट म्हातारीला आवाज द्यायचा होता. इस्लामपुरातनं आम्ही दोघं एसटीनं निघालो. आमचे हे फौजेतनं रिटायर झालेले. मला सोबत म्हणून येतात म्हणे. खरं तर घरी स्वतः जेवण गरम करायला नको, म्हणून येतात.

डायरेक्टर म्हणजे माझ्या नातीच्या वयाची पोरगी. पडद्यावरची म्हातारी अस्वलाला झापत होती, तिच्याबरोबर मीही झापायला लागले, की हिचं "कट!" माझ्या बांगड्या वाजत होत्या. हात मांडीखाली दाबून बोलले, तर म्हणते, "आजी, अस्वलापुढं रामरक्षा म्हणताय का?" पाचव्या खेपेला तिनं घड्याळ बघितलं. मनात म्हटलं, आता ही दुसरी बाई बोलावणार!

"बांगड्या काढता का, आजी?"

"कासारानं साबण लावून भरल्यात बाळ, निघत न्हाईत. फोडाव्या लागतील. आणि नवरा हाय की अजून, तो काय काचेपलीकडं बसलाय."

हे बाहेर स्पीकरवर सगळं ऐकत होते. उठून आत आले.

"फोड की. मी काय लगेच मरतोय व्हय?"

"आवं, तोंड आवरा!"

हे हसले. खाली बसून बूट सोडले, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे काढले आणि माझ्या दोन्ही हातांवर पार कोपरापर्यंत चढवले. वास म्हणाल तर... अस्वलाचा राग यायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. असे हात फेकले, की काचेपलीकडं पोरगी दचकली. बांगड्यांनी हूं की चूं केलं नाही.

"झकास, आजी! अजून बारा भाग आहेत. उद्यापासून रोज या."

मी तोंड उघडायच्या आत हेच कुरकुरले, "आणि मी काय रोज थंडीत बिनमोज्याचं यायचं व्हय?"

"या की तसंच," मी म्हटलं. "कमावती बायको हाय आता."