फ्रँकफर्टहून निघालेली पेटी

माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा माझी श्रद्धा पार डळमळली होती. तिला दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी मूळपेशी हव्या होत्या. मी सख्खी बहीण, पण माझ्या जुळल्या नाहीत. जुळल्या त्या जर्मनीतल्या एका अनोळखी माणसाच्या. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटलं, देवानं मला एवढंही करू दिलं नाही.

मुंबईच्या इस्पितळात तिच्याजवळ फक्त मेहुण्यांना राहता येत होतं, म्हणून मी जळगावहून धुळ्याला आईकडे आले. पेशींची पेटी घेऊन एक स्वयंसेवक फ्रँकफर्टहून निघाला होता. इकडे औषधांनी बहिणीच्या जुन्या पेशी आधीच मारून टाकल्या होत्या. आता माघार नव्हती, आणि पेटीतल्या पेशीही फार काळ टिकणाऱ्या नव्हत्या.

मी मोबाइलवर विमानाचा नकाशा उघडून बसले होते. आई शेजारी येऊन टेकली.

"कितलं लांब शे वं ते गाव?"

"साडेसहा हजार किलोमीटर, आई. विमानाला आठ-साडेआठ तास लागतात."

मुंबई अगदी जवळ आली आणि विमान गोल गोल फिरू लागलं. मग वळून उत्तरेकडे निघालं.  थोड्या वेळानं मेहुण्यांचा फोन आला. "ताई, इथं वादळ आहे. विमान अहमदाबादला उतरवलंय. माणूस पेटी घेऊन बाहेर आलाय, पण मुंबईचं पुढचं विमान पूर्ण भरलंय."

मी लगेच रस्त्याचं अंतर शोधायला लागले. पावसात गाडी किती वेळात पोचेल, पेशी तोवर तगतील का? आईनं हातातला मोबाइल काढून घेतला. "आते तुना हिशोब पुरे. चाल, एकवीरा आईकडे जाऊ."

गावातल्या देवळात देवीसमोर बसले खरी, पण नवस बोलायला शब्दच फुटेनात. देण्यासारखं माझ्याजवळ होतं तरी काय? शेवटी एवढंच म्हटलं, "मला काही कळत नाही गं. तूच बघ." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.

मंदिराबाहेर फोन वाजला. मोबाइल आईकडेच होता; तिनं तो उचलून माझ्या कानाला लावला. मेहुणे बोलत होते. "ताई, वादळ ओसरलंय, पेटी निघाली! एका बाईंनी विमानातली आपली जागा त्या माणसाला दिली. स्वतः मागे राहिल्या."

त्याच संध्याकाळी त्या पेशी बहिणीच्या शरीरात गेल्या. त्या रुजेपर्यंतचे आठवडेही जीव टांगणीलाच होता, पण रुजल्या.

ती बरी होऊन धुळ्याला आली, तेव्हा आईनं देवीची ओटी भरली आणि आणखी दोन नारळ पुढे ठेवले. पुजाऱ्यांनी विचारलं, "हे कोणाच्या नावानं?"

"नावं आमले ठाऊक नही," आई म्हणाली. "तिले ठाऊक शे."

मी डोकं टेकवलं. मला जे करू दिलं नाही म्हणून मी रुसले होते, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं होतं. त्या दिवशी मी देवीजवळ काहीच मागितलं नाही.