पाणी कसं आहे?

"पाणी कसं आहे?"

सकाळी मी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच कुंपणापलीकडून काकूंचा आवाज यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी नळाला पाणी आलं की नाही ते सांगितलं असतं. काकूंना घरामागच्या तळ्याचा रंग हवा असायचा. त्यांची नजर कमी झाली होती, म्हणून माझे डोळे कामाला लावलेले.

तुमच्याही शेजारी असं एखादं काळजीखोर माणूस असेल. पण सांडपाण्याची काळजी करणारं? मला नाही वाटत.

कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या पलीकडे, गटाराची लाइन अजून पोचलेली नाही अशा जागी आमची चार घरं. आम्ही नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे आलो. काकू फार आधीच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून कोलकात्याला आले, काकू माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागल्या आणि काका गेल्यावरही इथेच राहिल्या. मुलगा नाशिकला.

चार घरांचं सांडपाणी आधी टाकीत जायचं, तिथून मातीच्या एका वाफ्यात मुरायचं. हा वाफा काकूंनी स्वतः उभं राहून करून घेतला होता, बांकुड्याकडची तांबडी माती आणून. वाफ्याच्या उताराला तळं. तळ्यातल्या रुई-कातला माशांवर तिथल्या एका बंगाली कोळ्याचं, आमच्या दादांचं, घर चालायचं. वाफा बांधताना दादा घाबरले, तेव्हा काकूंनी त्यांना शब्द दिला होता, "तोमार पुकुरे किछु आशबे ना." तुझ्या तळ्यात काही येणार नाही.

तो शब्द काकूंच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

"पाणी मुरलं, विषय संपला," असं मी एकदा बोलून गेले. झालं! "मुरलं म्हणजे संपलं होय गं? लोणचं मुरतं तेव्हा मीठ कुठे जातं?" मग माझी शिकवणी झाली. साबणातला, लघवीतला फॉस्फरस ही लोहाची माती धरून ठेवते. पण तिचं पोट भरलं की पुढचा तसाच सोडते. वाफा पाण्याखाली राहिला, मातीला हवा मिळाली नाही, तर धरलेलाही सोडते. तो तळ्यात उतरला की शेवाळ माजतं, आणि मग पहाटे माशांना श्वास पुरत नाही.

"पण पोट भरलंय हे कळणार कसं, काकू?"

"तीच तर पंचाईत आहे. माती काय ढेकर देते?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

काय सांगू, डोक्याला ताप होता! दोरीवर चादरी दिसल्या की कुंपणावरून, "आजच धुवायच्या होत्या का गं?" पाऊस लागून राहिला की काकू छत्री घेऊन वाफ्यापाशी उभ्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "ती बुडतेय आणि मी आत येऊन काय करू?" ती म्हणजे माती. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय सकाळही सुरू व्हायची नाही.

श्रावण सरता सरता एका सकाळी दादा धावत आले. "दीदी, माछ खाबि खाच्छे!" बंगाली माणूस पाणीसुद्धा 'खातो', तेव्हा मला वाटलं मासे काहीतरी खातायत. म्हटलं, "खाऊ देत की!" काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, खाबि खाणं म्हणजे तडफडणं. श्वासासाठी वर येतायत ते."

तळ्यावर गेलो. मासे तोंडं वर काढून आ वासत होते. काठाला हिरवी साय धरली होती आणि तिची रेघ थेट वाफ्याच्या उतारापासून निघाली होती. काकूंनी दादांपुढे हात जोडले. "आमि कथा राखते पारिनि." मी शब्द पाळू शकले नाही. दादाच कावरेबावरे झाले. मला रडू आवरेना.

पुढे पाऊस ओसरल्यावर चारी घरांनी मिळून वाफा उपसला. निघालेली माती काकूंनी फेकू दिली नाही. "भरल्या पोटाची आहे, जास्वंदीला घाल." तिथेच चिखलात त्या घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला. नवी माती पडली ती त्यांच्यामागे.

पण सकाळचा फोन चुकला नाही. "पाणी कसं आहे?" मी "छान आहे" म्हटलं की ओरडायच्या, "गोड बोलू नकोस. रेघ सांग." मग मी मोबाइल कानाला लावून तळ्यावर जायची आणि रेघ कुठवर आहे ते सांगायची. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, प्रश्न तोच.

मग एकदा त्याच वेळेला फोन वाजला आणि पलीकडे मुलगा होता. काकू गेल्या होत्या.

"दोन दिवस नुसतं पाणी, पाणी करत होती हो," तो म्हणाला. "आम्ही चमच्यानं पाजायचो, तर मान फिरवायची. परत पाणी, पाणी. काय हवं होतं, कळलंच नाही."

मला कळलं होतं. 

फोन ठेवला, गॅस बंद केला आणि तळ्यावर गेले. दादा जाळं सोडवत बसले होते. मी काठाशी वाकून नीट पाहिलं आणि मोठ्यानं, मराठीतच सांगितलं, "काकू, रेघ आहे अजून. पण बारीक झालीय."