फरशीखालचा गरम पट्टा

त्या हिवाळ्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रेगेन्सबर्गमध्ये घरांच्या किमती ठरवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी लागले होते आणि प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचे सहा महिने, संपत आले होते. ठेवणार की नारळ देणार, हे साहेब सांगेनात. नवऱ्याची पीएचडी लांबलेली, म्हणजे घर माझ्याच पगारावर. युरो येऊन चार-पाच वर्षं झाली तरी साहेब प्रत्येक किंमत मनातल्या मनात जुन्या जर्मन मार्कांत करून बघत, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून माझं भविष्य वाचत बसे. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

फेब्रुवारीत आम्ही जवळच्या एका खेड्यात गेलो. घर चारी बाजूंनी मोकळं, कुणाच्या भिंतीला भिंत नाही. पलीकडे तसंच दुसरं घर, त्यात मालकीणबाईंचा भाऊ राहायचा. बाईंना बँकेचं कर्ज हवं होतं आणि बँकेला आमचा अहवाल. साहेबांनी गाडीतच स्वतंत्र घराचा फॉर्म पॅडला लावला. फ्लॅटचा फॉर्म वेगळा. त्यात सामाईक गोष्टींची पानंच्या पानं. जमिनीच्या नोंदीचा उतारा अजून आला नव्हता.

"उताऱ्याची वाट बघायची का?" मी विचारलं.

"आल्झो, अहो, घर आहे ते. दिसतंय की," साहेब म्हणाले.

दारात त्यांनी बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मी सवयीने बूट काढून बाजूला ठेवले. दुसऱ्याच्या घरात बूट घालून हिंडणं मला आजही जमत नाही. बाई माझ्या मोज्यांकडे बघून हसल्या. साहेब हसले नाहीत.

फरशी अशी गार की पोटऱ्यांत गोळे यावेत. मी खोल्यांची मापं घेत होते, तेवढ्यात मागच्या खोलीत तळपाय एकदम सुखावला. पाऊल पुढे टाकलं तर गार, मागे घेतलं तर ऊब. वीतभर रुंद गरम पट्टा फरशीखालून थेट बाहेरच्या भिंतीकडे, भावाच्या घराच्या दिशेने गेला होता. मी त्याच्यावरून चालत भिंतीपर्यंत गेले.

"काही हरवलंय का?" साहेबांनी विचारलं.

मी बाईंना म्हटलं, "तुमचा बॉयलर कुठे असतो?"

"भावाच्या तळघरात. दोन्ही घरांना एकच. वहिनीच्या मनात येईल तेव्हा कमी करते. म्हणून तर कर्ज हवंय, माझा मला बॉयलर बसवायचाय."

"आणि छप्पर गळलं तर?"

"दोघांनी मिळून ठरवायचं. रंगसुद्धा. वडिलांनी तसंच करून ठेवलंय."

मला पुण्यातला आत्याचा बंगला आठवला. म्हणायला बंगला, पण जमीन सोसायटीची. गेटला रंग द्यायचा तरी मीटिंग. गाडीत बसल्याबरोबर मी साहेबांना म्हणाले, "कागदोपत्री हा फ्लॅट असणार. फॉर्म बदलावा लागेल." बोलून गेले आणि वाटलं, हात दाखवून अवलक्षण. साहेबांनी गाडी सुरू केली आणि रेडिओ लावला.

घरी नवरा म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं का? थोडे दिवस तोंड मिटून बसता आलं नसतं?" मी त्याच्यावर भडकले, कारण मलाही तेच वाटत होतं. अन्न गोड लागेना, फोन वाजला की दचकायला व्हायचं.

मग उतारा आला. जमीन एकच, बहीणभावांची मिळून. तिच्यावरची दोन घरं दोन फ्लॅट म्हणून नोंदलेली. साहेबांनी जुना फॉर्म फाडला, नवा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. त्याच आठवड्यात मला नोकरीत पक्कं केलं. मी ऑफिसात केक वाटला, पेढ्यांच्या ऐवजी.

नव्या फॉर्मसाठी बॉयलर बघायला मी एकटीच परत गेले. भावाच्या तळघरातलं काम झाल्यावर बाईंच्या दाराशी बूट काढायला वाकले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसने कळवल्यावर बँकेचा फोन आला होता. नवा बॉयलर म्हणजे सामाईक गोष्टीत बदल. भावाची सही लागेल म्हणतात. तो देणार नाही." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बूट काढलेत, मला फार बरं वाटलं होतं. माझं घर कुणीतरी घर समजलं, असं वाटलं."

मी बोलले नसते तरी उतारा आज ना उद्या आलाच असता, हे सांगण्याइतकं जर्मन मला येत होतं. मी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं, आणि नोकरी टिकल्याचा आनंदही काही केल्या जाईना. दोन्हींचा रागच आला मला.

बूट काढलेच मी. मागच्या खोलीत जाऊन तळपायांनी तो पट्टा शोधला. त्या दिवशी तोही गार होता.